डेअरीसमोरचा फळा : निफाड तालुक्यातल्या एका शाळेचं प्रकरण

परिपाठात बातम्यांच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्नमंजूषा, पसायदान, मौन. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत क्रम थोड्याफार फरकाने हाच. पाचवी-सहावीतलं एखादं खणखणीत आवाजाचं पोर कालच्या पेपरातले किंवा सरांच्या मोबाइलवरचे चार मथळे एका दमात वाचतं, ओळीतली मुलं पुढच्याची कॉलर ओढत उभी असतात, 'धन्यवाद' झालं की बोधकथा सुरू. हे प्रकरण त्या तीन-चार मिनिटांचं आहे.

शाळा नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली, सातवीपर्यंतची. गावाचं नाव देत नाही. गाव लहान आहे, आणि पुढे ज्यांचं एकमेकांशी वाजलं ती माणसं रोज सकाळी एकाच डेअरीवर दूध घालतात.

शाळेच्या पटाबद्दल मात्र सांगायला हवं. गावात द्राक्ष, कांदा आणि पाटाच्या कडेने ऊस. ज्यांना परवडतं त्यांची मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती छोट्या शेतकऱ्यांची, वाट्याने शेती करणाऱ्यांची आणि मजुरांची. शिवाय ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उतरतात. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मण्यांची विरळणी) आणि शेवटी काढणी असं करत मार्च-एप्रिलपर्यंत त्या बागेतच राहतात. त्यांची मुलं अधूनमधून शाळेत येऊन बसतात. घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणारी ही मुलं वर्गात मागच्या भिंतीला टेकून असतात. नाव विचारलं तर सांगतात, पुढे गप्प.

उपक्रमांचं कॅलेंडर

ग्रामीण शाळेत उपक्रम होत नाहीत असं कुणी म्हणालं तर त्याने एखाद्या मुख्याध्यापकाचा मोबाइल बघावा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती म्हणून मराठी भाषा गौरव दिन, दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. मध्ये वृक्षदिंडी, प्रभातफेरी, तंबाखूमुक्तीची शपथ. प्रत्येकाचं पत्र येतं, प्रत्येकाचे फोटो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर टाकायचे, बऱ्याचदा एखादी लिंकही भरायची. 'संध्याकाळी पाचपर्यंत' हे शब्द शिक्षकांना पाठ असतात.

याची टर उडवणं सोपं आहे. एकट्या शिक्षकाच्या खांद्यावर तीन वर्ग असताना या कॅलेंडरमुळेच वर्षातून काही दिवस पुस्तकाबाहेर जाता येतं, हेही खरं. माझी हरकत वेगळी आहे. हे सगळं कुणाला दाखवण्यासाठी होतं? शाळेतून निघालेला फोटो केंद्रप्रमुखांकडे, तिथून विस्तार अधिकाऱ्यांकडे, तिथून तालुक्याला. वरून उत्तर म्हणून येतो एक अंगठा. शाळेसमोरून जाणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच कळत नाही.

गारा

२६ नोव्हेंबर २०२३. संविधान दिन रविवारी आला होता. त्याच दिवशी जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, आणि निफाडचा द्राक्षपट्टा झोडपून निघाला. पानांची चाळण, काड्यांना जखमा, नुकते मणी धरलेले घड खाली. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा परिपाठात नेहमीप्रमाणे बातम्या झाल्या, त्यात क्रिकेट होतं. नंतर संविधान दिनाचे राहिलेले फोटो काढायला मुलं पुन्हा ओळीत उभी केली. ओळीतल्या निम्म्या मुलांच्या घरी पंचनाम्याची वाट बघणं चालू होतं.

सहावी-सातवीच्या मॅडमनी वर्गात गेल्यावर एवढंच विचारलं, "रविवारी काय काय झालं, सांगा." तास त्यातच गेला. कुणाची बाग गेली, कुणाची शेजारच्याची गेली पण आपली वाचली, कुणाच्या पत्र्याला भोकं पडली. एक मुलगा म्हणाला, "आमच्या पप्पांनी टोळीला सांगितलं, उद्यापासून येऊ नका." मॅडमनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी परिपाठात मोबाइलवरचे मथळे बंद झाले, आणि बातम्यांच्या जागी मुलाने स्वतः पाहिलेली किंवा विचारून आणलेली गावातली एक बातमी आली.

सुरुवात काही छान वगैरे झाली नाही. दोन-तीन दिवस गारा पुरल्या. मग 'आमच्या म्हशीला पारडू झालं', 'आमच्याकडे पाहुणे आले', 'काल लाईट गेली होती' असं येऊ लागलं. मुख्याध्यापकांचं म्हणणं, याला बातमी कसं म्हणायचं? मॅडम सांगत राहिल्या, म्हशीचं चालेल, पण किती वाजता, कुणी सोडवलं, डॉक्टर आले का, ते विचारून ये. या 'विचारून ये'ने काम केलं. म्हशीची बातमी दुसऱ्या दिवशी चार ओळींची होऊन आली. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर किती गावं सांभाळतात, हेही त्यात होतं.

टोळीच्या बातमीचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. बागेतलं काम गेलं तशा दोन टोळ्या डिसेंबरच्या सुरुवातीला माघारी गेल्या. 'सुरगाण्याची टोळी परत गेली, आपल्या पाचवीतले दोघे पण गेले,' हे मुलांच्या वहीत आलं तेव्हा हजेरीपटावर त्या दोघांपुढे नुसती गैरहजेरी लागत होती. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं, मूल निघताना ते त्याच्या हातात द्यायचं म्हणजे पुढच्या शाळेला त्याची पातळी कळते. पण मूल निघालंय हे शाळेला कळलं तर ना! मुख्याध्यापकांनी पत्रकं मुकादमाच्या फोनवरून पत्ता काढून पाठवली. बातमीवर त्यांचा विश्वास बसायला लागला तो तेव्हापासून, असं मला वाटतं.

फळा बाहेर गेला

डिसेंबरात केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावसह ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. वर्गात कांद्याशिवाय दुसरा विषय नव्हता. लिलाव परत सुरू झाले तेव्हा एका मुलीने सुचवलं की रोजचा भाव लिहू या. कुठे लिहायचा? वर्गातल्या फळ्यावर लिहून कोण बघणार?

शाळेच्या कंपाउंडची एक भिंत दूध संकलन केंद्राकडे तोंड करून आहे. सकाळ-संध्याकाळ तिथे कॅन घेऊन माणसं उभी असतात, दुधाचं फॅट मोजलं जाईपर्यंत करायला काही नसतं. जुना, कोपरा उडालेला फळा त्या भिंतीवर ठोकला. शाळा सुटण्याआधी मुलं त्यावर तीन बातम्या आणि कांद्याचा भाव लिहायची, संध्याकाळचं दूध घालणारे वाचायचे. आख्ख्या प्रकरणात खर्च झाला तो एवढाच, चार खिळे आणि खडू.

वाचक मिळाल्यावर पहिल्यांदा काय झालं असेल तर चुका पकडल्या गेल्या. भाव लिहिताना मुलं कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी असे तिन्ही आकडे लिहीत. सातवीतल्या एकाने सरासरी स्वतः काढायची ठरवली. गणितात शिकवलंच होतं, दोन्ही मिळवा आणि दोनाने भागा. समजा कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त २०००, तर सरासरी १२५०. बाजार समितीचा आकडा मात्र १६०० असायचा. पोराने आपलाच आकडा फळ्यावर लिहिला. संध्याकाळी डेअरीवरचे एक नाना कॅन खाली ठेवून म्हणाले, "ए भो, हे कुठलं गणित? पाचशेने गेल्या चार गोण्या. बाकी सगळ्या ट्रॉल्या सोळाशे-सतराशेने गेल्या ना."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी याच वाक्यावर तास घेतला. एका भावाने किती माल गेला हे धरल्याशिवाय सरासरीला अर्थ नाही, ही गोष्ट सातवीच्या मुलांनी गोण्या आणि ट्रॉल्या मोजत समजून घेतली. भारांकित सरासरी हे नाव त्यांना पुढे कधीतरी भेटेल. भाव फळ्यावर येत राहिला, पण खाली 'बाजार समितीचा आकडा' असं लिहून.

बिबट्या

जानेवारीत फळ्यावर आलं, 'मळ्यात बिबट्या दिसला.' निफाडला हे नवीन नाही. गोदाकाठच्या उसात बिबट्या राहतो, आणि तोड सुरू झाली की त्याचं लपण जातं, तो बाहेर पडतो. पण दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या वस्तीवरचं एकही मूल शाळेत आलं नाही. बायका खुरपायला गेल्या नाहीत. मग शोध लागला की लिहिणाऱ्या मुलाने बिबट्या पाहिलेला नव्हता. त्याला चुलतभावाने सांगितलं होतं, चुलतभावाला कुणीतरी व्हॉट्सॲपवर दुसऱ्याच तालुक्यातला व्हिडिओ पाठवला होता.

इथे फळा बंद पडला असता तरी कुणी बोललं नसतं. मुख्याध्यापकांनी मोठी मुलं आणि दोन पालक घेऊन मळा गाठला. पाटाच्या ओल्या मातीत ठसे होते. एका पालकाने तिथेच सांगितलं, बोटांच्या पुढे नखांचे टोचे आहेत, म्हणजे कुत्रं. बिबट्या चालताना नखं आत घेतो, त्याच्या ठशात ती उमटत नाहीत. पोरांनी गुडघ्यावर बसून एकेक ठसा तपासला. सगळ्यांत नखं होती.

संध्याकाळी फळ्यावर दुरुस्ती आली, ठशाच्या चित्रासकट. खाली वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर. त्याच दिवशी बातमीच्या वहीत तीन रकाने आखले गेले : कुणी पाहिलं, कधी, आणि दुसऱ्या कुणाला विचारलं. तिसरा रकाना रिकामा असेल तर बातमी वहीत राहायची, फळ्यावर जायची नाही. महिन्याभराने त्याच मळ्यात वासरू मारलं गेलं तेव्हा वनरक्षक येऊन गेल्यावर, त्यांना विचारूनच बातमी लागली. या वेळी मुलं शाळेत आली, मोठ्या माणसांसोबत, घोळक्याने.

स्पर्धा

त्याच सुमारास 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान आलं. १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२४. रंगरंगोटी, परसबाग, स्वच्छता, लोकसहभाग, सगळ्याला गुण. गावाने वर्गणी काढली, पेंटर आला, आणि कंपाउंडच्या भिंतीवर सुविचार अन् फुलपाखरं रंगवायची म्हणून फळा काढून स्टोअररूममध्ये ठेवला. मुख्याध्यापकांना दोष देववत नाही. तपासणीला येणाऱ्या समितीला कोपरा उडालेला फळा कसा दिसला असता?

मुलं परिपाठात बातम्या सांगत राहिली, पण त्यात दम राहिला नाही, हे मॅडमनीच सांगितलं. तिसरा रकाना भरायला कुणी जाईना. डेअरीवर मात्र विचारणा व्हायला लागली, 'भाव लिहायचं का बंद केलं रे?' मूल्यमापन आटोपल्यावर फळा परत लागला, फुलपाखरांच्या बरोब्बर मध्ये. पेंटरचं काम थोडं झाकलं गेलं. फळ्यासाठी शाळा नव्हे, तर गाव अडून बसलं, ही या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

टाकीचं झाकण

पुढच्या शैक्षणिक वर्षात, २०२४-२५ मध्ये, शनिवार मोकळे झाले. उपक्रमांसाठी ठेवलेल्या 'आनंददायी शनिवार'चा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये आला होता. मॅडमनी शनिवारची वेळ बातम्या गोळा करण्याला दिली. अशाच एका शनिवारी दोन मुली पाण्याच्या टाकीवर डोकावून आल्या. झाकण नव्हतं, आत कबुतराची पिसं होती. पाहिलं दोघींनी, दुसऱ्या कुणाला विचारलं तर अंगणवाडीताईंना. नियमाप्रमाणे बातमी पक्की. लागली.

सोमवारी दुपारी ग्रामपंचायतीचे एक सदस्य शाळेत. आवाज चढलेला. "गुरुजी, पोरांना राजकारण शिकवू राहिले का तुम्ही? निवडणुकीला अजून वेळ आहे." मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. बातमी खोटी आहे असं त्यांचंही म्हणणं नव्हतं, आम्हाला आधी का नाही विचारलं, हा राग होता.

प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत गेला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बऱ्याच शाळांत ती सह्यांपुरती असते. या बैठकीला मात्र सगळे आले. एक बाजू म्हणत होती, मुलांनी झाडं, पक्षी, सहली लिहाव्यात, गावच्या कारभारात पडू नये. मजुरी करणाऱ्या एका आईने विचारलं, "पाणी काय फक्त मोठी माणसं पितात?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, पण सदस्यांचा मुद्दाही वाऱ्यावर सोडला नाही. ठरलं असं की ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याला आधी विचारायचं आणि त्याचं म्हणणं त्याच बातमीत लिहायचं. वहीत चौथा रकाना आला.

त्या मुली ग्रामसेवकांकडे गेल्या. आता या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात मात्र अजून 'भाऊसाहेब'च. भाऊसाहेबांनी त्यांना खुर्चीवर बसवून सांगितलं की झाकणाचा खर्च मासिक सभेत मंजूर करून घ्यावा लागतो, सभा अमुक तारखेला आहे. ती तारीख फळ्यावर लागली. तारखेनंतर झाकण बसलं, पण आठ-पंधरा दिवस उशिराने, आणि तो उशीरही मुलांनी लिहिला. सदस्य त्या दिवशी डेअरीवर काही बोलले नाहीत.

मला विचाराल तर चौथा रकाना हे या शाळेचं खरं काम आहे, आणि तो भांडणातून आला. कुठल्याही प्रशिक्षणात तो सुचला नसता.

बाकीच्या शाळा

केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत मॅडमना हा उपक्रम मांडायला सांगितलं. टाळ्या झाल्या. आठवड्याभरात केंद्रातल्या सगळ्या शाळांना 'बातमी फलक' सुरू करून फोटो टाकण्याची सूचना गेली. ते फोटो मी पाहिले. बहुतेक ठिकाणी फलक ऑफिसच्या दाराशी, अक्षर शिक्षकांचं, बातम्या पेपरातल्या. एका ठिकाणी शाळेत झालेल्या वृक्षारोपणाचीच बातमी होती, आणि फोटोत मुलं ती बातमी वाचत असल्यासारखी उभी होती.

या शाळांत उत्साह कमी होता असं नाही. त्यांच्या फळ्यासमोर दूध घालायला कुणी उभं नव्हतं. एकाच शाळेत गोष्ट वेगळी निघाली. तिथल्या सरांनी फळा किराणा दुकानाच्या ओट्यावर नेला होता, आणि पहिल्याच आठवड्यात उधारीबद्दल काहीतरी लिहिलं गेल्यामुळे दुकानदाराने तो उतरवला. ती शाळा पुढे काय करते याकडे माझं लक्ष आहे.

सध्या

मूळ शाळेत सगळं सुरळीत चाललंय असं समजू नये. काही मुलं शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासांना बसतात, त्यामुळे फेब्रुवारीत फळ्यावर हात कमी पडतात. पालकांचा कल उघड आहे : परीक्षेचे गुण दिसतात, बातमीचे दिसत नाहीत. लिहिण्यात नेमका किती फरक पडला हे शाळेने मोजलेलं नाही. बातमीच्या वह्या आहेत, सुरुवातीच्या आणि नंतरच्या शेजारी ठेवल्या तर वाक्यं लांबलेली आणि 'कुणीतरी म्हणालं' कमी झालेलं दिसतं. मी एवढंच म्हणेन.

टोळीच्या मुलांचा प्रश्न अर्धाच सुटलाय. २०२४च्या मोसमात सुरगाण्याकडच्या एका मुलीने वहीत गावाकडच्या भवाडा या सोंगांच्या उत्सवाबद्दल लिहिलं. मुखवटे कोण घालतं, सोंग किती रात्री चालतं, तिच्या आजोबांकडे कुठलं सोंग आहे. तिसऱ्या रकान्यात तिने आईचं नाव घातलं. ही गावातली बातमी होते का यावर वर्गात वाद झाला. शेवटी 'आपल्या शाळेतल्यांच्या गावची बातमी' असा वेगळा कोपरा फळ्यावर आखला गेला, उडालेल्या कोपऱ्याच्या बाजूला. त्यानंतर आणखी दोघांनी लिहिलं, बाकीची अजून भिंतीला टेकून आहेत.

मार्चमध्ये ती मुलगी निघाली तेव्हा शिक्षण हमी पत्रकासोबत तिने लिहिलेल्या बातम्यांची झेरॉक्स जोडली. पत्रकात अशा कागदासाठी जागा नाही, म्हणून ती टाचणीने लावली. मॅडमनी आता बदलीच्या पोर्टलवर अर्ज भरलाय. बातमीची वही कुणाकडे द्यायची यावर मुख्याध्यापक आणि सातवीची मुलं यांचं अजून एकमत झालेलं नाही. मुलांचं म्हणणं, ती शाळेच्या कपाटात नको, सहावीच्या वर्गात राहू द्या.